८ जीबी रॅम असूनही विंडोज ३.२४ जीबीच वापरण्यायोग्य का दाखवते?

आपल्या संगणकात ४ जीबीच्या दोन स्टिक मिळून ८ जीबी रॅम आहे, तरीही ३२ बिट विंडोज १० त्यांपैकी ३.२४ जीबीच वापरण्यायोग्य असल्याचे सांगते. त्यामुळे नवी स्टिक सदोष असावी का, आणि व्हर्च्युअल मेमरी वाढवून ही उणीव भरून काढता येईल का, असे आपण विचारले आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दोन्ही स्टिक ओळखल्या गेल्या आहेत हे ८ या आकड्यावरूनच कळते. अडवणूक होते आहे ती त्यापुढे, ऑपरेटिंग सिस्टमच्या रचनेत. हे सविस्तर लिहितो, कारण हा आकडा पाहून चांगली रॅम परत करणारे किंवा विनाकारण आणखी रॅम विकत घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मी स्वतःही एकदा स्टिकच्या जागा बदलून पाहण्यात अख्खी दुपार घालवली आहे.

प्रोसेसर मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एका क्रमांकाने ओळखतो. हा क्रमांक म्हणजे त्या बाइटचा पत्ता. पत्ता लिहायला ३२ बिट असतील, तर ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे पत्ते तयार होतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. मग निदान ४ जीबी तरी पूर्ण मिळायला हवी होती, ३.२४ च का, ही शंका येथे रास्त आहे. तिचे उत्तर असे की हे पत्ते एकट्या रॅमच्या मालकीचे नसतात. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, यूएसबी कंट्रोलर, बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) चिप या सर्वांशी प्रोसेसर अशाच पत्त्यांमधून व्यवहार करतो, आणि ३२ बिट सॉफ्टवेअरलाही ही उपकरणे गाठता यावीत म्हणून त्यांच्यासाठीची जागा ४ जीबीच्या सीमेखालीच, सर्वांत वरच्या भागात राखून ठेवलेली असते. एखादा पत्ता ग्राफिक्स कार्डाला दिला गेला की त्याच पत्त्याने रॅम मिळू शकत नाही. ४ मधून ३.२४ वजा केल्यावर उरणारे पाऊण जीबीभर पत्ते आपल्या संगणकात असे उपकरणांकडे गेले आहेत. म्हणूनच हा आकडा प्रत्येक संगणकावर वेगळा दिसतो आणि ग्राफिक्स कार्ड बदलल्यावर तो कमीजास्त होऊ शकतो.

बहुतेक मदरबोर्डांच्या चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि उपकरणे यांना जोडणाऱ्या चिपमध्ये, यावर एक तोडगा असतो, त्याला मेमरी रिमॅपिंग म्हणतात. उपकरणांच्या पत्त्यांमुळे झाकली गेलेली रॅम ४ जीबीच्या वरचे पत्ते देऊन पुन्हा उपलब्ध केली जाते. मात्र त्या वरच्या पत्त्यांपर्यंत जाणे ऑपरेटिंग सिस्टमला मान्य असावे लागते, आणि आपले घोडे नेमके तेथेच अडले आहे.

‘३२ बिट म्हणजे ४ जीबी’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते, पण माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. इंटेलने १९९५ मध्ये पेंटियम प्रो प्रोसेसरबरोबर पीएई नावाची सोय आणली आणि भौतिक मेमरीचा पत्ता ३६ बिटांचा केला. त्यामुळे ३२ बिट प्रोसेसरही ६४ जीबी रॅमपर्यंत पोहोचू लागला. पीएईसह तयार केलेले ३२ बिट लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरतात, आणि विंडोज सर्व्हरच्या काही ३२ बिट आवृत्त्याही वापरत असत. विंडोज ८ पासून तर पीएई नसलेल्या प्रोसेसरवर विंडोज चालतच नाही, म्हणजे आपल्या संगणकात ही सोय आहे आणि ती चालूही आहे. तरीसुद्धा घरगुती वापराच्या ३२ बिट विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने ४ जीबीच्या वरचे भौतिक पत्ते जाणीवपूर्वक वर्ज्य ठेवले आहेत. त्याचे कारण ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम. अनेक ड्रायव्हर पत्ता ३२ बिटांतच मावणार असे गृहीत धरून लिहिलेले होते, आणि त्याहून मोठा पत्ता समोर आला की संगणक बंद पडत असे. मला हा निर्णय त्या काळापुरता योग्य वाटतो, कारण ज्या संगणकावर भरवसा ठेवता येत नाही त्यातल्या जादा रॅमचा कोणालाच उपयोग नसतो.

व्हर्च्युअल मेमरीचा मुद्दा यापेक्षा वेगळा आहे. व्हर्च्युअल मेमरीसाठी डिस्कवर ठेवलेली फाइल, म्हणजे पेजफाइल, वाढवली तर डिस्कवरची जागा वापरात येते, न वापरलेली रॅम नव्हे. शिवाय ३२ बिट विंडोज प्रत्येक प्रोग्रामला ४ जीबी आभासी पत्ते (प्रोग्रामला दिसणारे, प्रत्यक्ष रॅमच्या पत्त्यांहून वेगळे) देते खरे, पण त्यांतले २ जीबी सहसा कर्नलसाठी राखीव असतात. त्यामुळे एखादा मोठा प्रोग्राम रॅम शिल्लक असतानाही मेमरी संपल्याची तक्रार करू शकतो.

आपल्यासाठी खरा उपाय म्हणजे ६४ बिट विंडोज. एएमडीने २००३ मध्ये बाजारात आणलेल्या ६४ बिट रचनेत आभासी पत्त्यांसाठी सुरुवातीपासून ४८ बिट वापरले गेले, म्हणजे २५६ टीबी. तेथे मर्यादा उरते ती आवृत्तीची: ६४ बिट विंडोज ७ होम प्रीमियम १६ जीबीवर थांबत असे, तर ६४ बिट विंडोज १० होम १२८ जीबीपर्यंत जाते. या रचनेत पॉइंटर, म्हणजे प्रोग्रामने साठवलेले पत्ते, ४ ऐवजी ८ बाइटांचे होत असल्याने तेच प्रोग्राम थोडी अधिक मेमरी खातात. २ जीबीच्या संगणकावर हे जाणवेल, ८ जीबीवर त्याची चिंता नको. विंडोज ११ तर केवळ ६४ बिटमध्येच आहे.

बदल करण्यापूर्वी सेटिंग्जमधील सिस्टमच्या माहितीत प्रोसेसर ‘एक्स६४’ प्रकारचा असल्याचे लिहिले आहे का, ते पाहावे. ३२ बिटवरून ६४ बिटवर थेट अपग्रेड होत नाही, विंडोज नव्याने टाकावे लागते, म्हणून फाइलींचा बॅकअप आधी घ्यावा. प्रिंटर, स्कॅनर यांसारख्या जुन्या उपकरणांचे ६४ बिट ड्रायव्हर मिळतात का, तेही आधीच तपासावे, कारण ३२ बिट ड्रायव्हर तेथे चालत नाहीत. १६ बिट काळातले प्रोग्रामही चालणार नाहीत. सामान्य ३२ बिट प्रोग्राम मात्र चालतात.

६४ बिट विंडोज टाकल्यावरही ४ जीबीच्या आसपासच रॅम दिसली, तर बायोसमध्ये मेमरी रिमॅपिंगचा पर्याय बंद आहे का आणि एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सुरुवातीच्या सेटिंग्जच्या साधनातील बूट विभागात ‘मॅक्सिमम मेमरी’वर खूण आहे का, हे पाहावे. आठांपैकी काही शे एमबीच कमी दिसत असतील, तर ती बहुधा प्रोसेसरमधील ग्राफिक्ससाठी राखलेली प्रत्यक्ष रॅम असते. रिसोर्स मॉनिटरमध्ये ती ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ या नावाखाली दिसते आणि काही मदरबोर्डांच्या बायोसमधून कमीही करता येते.