थंडी सरताना लावलेली भेंडी घरामागे उगवली, मग लांबच्या तुकड्यावर का उगवली नाही?

तुम्ही लिहिलंय की घरामागे छोटी बाग आहे आणि पंधरा मिनिटं चालत गेलं की भाजीपाल्यासाठी घेतलेला जमिनीचा तुकडा. थंडी ओसरत असताना दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच पाकिटातली भेंडी आणि काकडी लावली. घरची वर आली, तिकडची आलीच नाही. शिवाय तिकडची कोथिंबीर फुलावर गेली. बियाण्यातच खोट आहे का, असं तुम्ही विचारलंय.

बियाण्यात खोट असती तर ते घरीही रुजलं नसतं. माझ्या मते त्या दिवशी तुमच्या घरामागे उन्हाळा लागला होता आणि त्या तुकड्यावर अजून थंडी होती. हे मी एवढ्या खात्रीने सांगतोय, कारण माझ्याकडेही दोन जागा आहेत आणि माझी काकडी अशीच गेली होती. घरची सहाव्या दिवशी वर आली. तिकडे चौदाव्या दिवशी माती उकरली तर बी हाताला मऊ लागलं, दाबलं की आतून पाणी. म्हणून साधा मातीचा थर्मामीटर आणला आणि सकाळी आठ वाजता दोन इंच खोल रोवून पाहिला. घरच्या वाफ्यात २१ अंश सेल्सिअस, तिकडे १५. भेंडी, काकडी, भोपळा यांना माती साधारण १८-२० अंशांच्या वर लागते. त्याखाली बी पाणी पितं, फुगतं, पण कोंब फुटायच्या आत कुजतं. मटार मात्र १० अंशांच्या आसपासही रुजतो, त्याला थोडे जास्त दिवस लागतात इतकंच.

हवा दोन दिवसांत गरम होते, माती मागून येते. अंगात स्वेटर नको वाटला म्हणून पेरायला घेऊ नका. घराची भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब सोडते, त्यामुळे भिंतीलगतची माती लवकर जागी होते. मोकळ्या जागेत वारा असतो, दव जास्त पडतं आणि जागा खोलगट असेल तर रात्रीची गार हवा तिथेच साचून राहते.

अर्थात तीच भिंत दुसऱ्या बाजूने ऊन अडवते. सूर्य ४५ अंशांवर असताना सहा फुटी भिंतीची सावली सहा फूट पडते. तो ३० अंशांपर्यंत खाली आला की तीच सावली दहा फुटांच्या पुढे जाते. म्हणून ऐन थंडीत एकदा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सावलीच्या कडेला काठ्या रोवून ठेवा. जो वाफा थंडीत सावलीत असतो, तोच कडक उन्हाळ्यात पालेभाजीला सोयीचा ठरू शकतो.

तुमच्या त्या तुकड्यावर मी आज गेलो असतो तर आधी आच्छादन पाहिलं असतं. पाचोळ्याचा दोन-तीन इंचांचा थर उन्हाळ्यात ओल धरून ठेवतो, मी तो कधीच चुकवत नाही. पण थंडी सरताना तोच थर मातीपर्यंत ऊन पोचू देत नाही. पेरणीच्या दोन आठवडे आधी तो बाजूला ओढा, माती उघडी तापू द्या आणि रोपं वितभर झाली की परत पसरा, देठापासून चार बोटं लांब.

दुसरी गोष्ट वाफशाची, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, काम करण्याजोगी होण्याची. पावसानंतर वाफसा आल्याशिवाय कुदळ लावू नका. मूठभर माती घेऊन दाबा आणि त्या गोळ्यावर अंगठा टेकवा. गोळा फुटून भुगा झाला तर कामाला लागा. अंगठ्याचा चकचकीत ठसा उमटला तर परत जा, कितीही लांबून आला असाल तरी. ओल्या मातीत चाललं की तिच्यातली हवा जाते आणि वाळल्यावर जी ढेकळं होतात, ती पूर्ण हंगाम छळतात.

थंडीत जुनी पानं पिवळी पडली की लोक खत ओततात. गार मातीत जिवाणू मंदावलेले असतात. शेणखतातला नत्र (नायट्रोजन) मुळांना मिळेल अशा रूपात यायला वेळ लागतो. ऊन वाढलं की पुष्कळदा नवी पानं आपोआप हिरवी येतात. टोमॅटोचंही तसंच. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर टिकलं की परागकण निकामी होऊ लागतात आणि फुलं गळतात. तेव्हा जास्तीचा नत्र दिला तर नुसता पाला वाढतो. दुपारची सावली करा आणि पाणी सकाळी लवकर, मुळापर्यंत पोचेल असं द्या.

आता कोथिंबीर. ती कधी फुलावर जाणार हे आधी कळतं. खालची पानं रुंद असतात, पण मधून येणारं नवं पान चिरलेलं, दोऱ्यासारखं बारीक दिसायला लागतं. ते दिसलं की त्याच दिवशी कापणी करा. वाढता दिवस आणि वाढती उष्णता या दोन्ही गोष्टी तिला फुलाकडे ढकलतात. दिवसाच्या लांबीवर फुलणं अवलंबून असू शकतं, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून मांडलं. कांद्याचा गड्डाही दिवसाच्या लांबीवरच धरतो: काही वाणांना दहा-बारा तासांचा दिवस पुरतो, काहींना चौदा तासांहून मोठा लागतो. म्हणून कांद्याचं बी घेताना वाण कोणत्या दिवसमानाचा आहे हे जरूर विचारा.

जागांची वाटणीही बदलून बघा. रोज चिमूटभर खुडायचं आणि रोज नजर ठेवायची ते घरी: कोथिंबीर, मेथी, मिरची. आठवडाभर कोणी फिरकलं नाही तरी चालेल असं तिकडे: भोपळा, लसूण, कांदा, बटाटा. मी ही वाटणी केल्यापासून माझं वाया जाणं बरंच कमी झालं.

आणि ती फुलावर गेलेली कोथिंबीर उपटू नका. तिच्या पांढऱ्या फुलांवर मधमाशीसारख्या दिसणाऱ्या, हवेत एका जागी थांबणाऱ्या बारीक माश्या येतात. त्यांतल्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा, म्हणजे रोपांचा रस शोषणारी बारीक कीड, खातात. भेंडी पुन्हा लावाल तेव्हा तिच्यावर मावा येईलच, त्या वेळी ही फुलं शेजारी असू द्या. धणे तपकिरी झाले की दांडे कापून सावलीत उलटे टांगा आणि दिवस पुन्हा लहान झाले की तेच पेरा.