खून हवा, रक्ताचा सडा नको

प्रश्न : अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलच्या सगळ्या कादंबऱ्या वाचून संपल्या. छोटं गाव, चहा, चौकस म्हातारी आणि एखादा खून, एवढंच मला पुरतं. हिंसेची वर्णनं सोसत नाहीत. नवे लेखक कुठे शोधू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : खपाच्या याद्या सोडा. मी दरवर्षी ‘अगाथा’ पुरस्काराची नामांकनं चाळते. अमेरिकेतला हा पुरस्कार मुळातच रक्तपात आणि उघड शृंगार टाळणाऱ्या रहस्यकथांसाठी आहे. शिवाय पहिल्या कादंबरीसाठी वेगळा विभाग. सुजाता मॅसी मला तिथेच भेटल्या. ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) घ्या. १९२१ ची मुंबई, पारशी वकील परवीन मिस्त्री आणि पडद्यातल्या तीन विधवा. पुरुष वकिलाला त्यांच्यासमोर बसताच येत नाही, परवीनला येतं. सगळी मेख तिथे! चहा मात्र तुमच्या मार्पलबाईंपेक्षा कडक.

रिचर्ड ऑस्मनची निवृत्तांची चौकडी हसवते. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथची बोट्स्वानातली गुप्तहेर बाई खुनापेक्षा हरवलेले नवरेच जास्त शोधते, तेव्हा खून हवाच असेल तर ती नंतर. आणि मालिका क्रमानेच वाचा, विशेषतः परवीनची.