भाडे लांबले होते, माफ झाले नव्हते

कोरोनाकाळातले आणीबाणीचे आदेश रद्द होऊन वर्षे झाली, तरी त्यांच्यावरून पेटलेले वाद अजून माझ्याकडे येतात. पैसे कोणी मागू नयेत, एवढे त्या आदेशांनी सांगितले. शेवटी ते कोणी सोसायचे, हे मात्र सांगितले नाही. या वेळच्या चारही पत्रांचे मूळ तिथेच आहे.

२०२० मध्ये मी पुण्यात लिव्ह अँड लायसन्सवर राहत होतो. तीन महिने भाडे घेऊ नका, असे शासनाने सांगितल्यामुळे मी ते दिले नाही. ऑगस्टमध्ये जागा सोडली, तेव्हा मालकांनी तेवढी रक्कम डिपॉझिटमधून कापली. ती परत मागता येईल का?

नाही. तुम्ही ज्या सूचनेबद्दल लिहिता, ती राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० रोजी काढली होती. भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि त्या काळात भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नये, असे त्यात होते. भाडे माफ करावे, असे नव्हते. त्याआधी २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला होता. त्यातही भाड्याने राहणाऱ्या कामगारांकडे, स्थलांतरितांकडेसुद्धा, महिनाभर भाडे मागू नये एवढेच म्हटले होते. कामगारांना किंवा विद्यार्थ्यांना खोली सोडायला लावणाऱ्या मालकावर कारवाई होऊ शकत होती, आणि त्या दिवसांत तेच सर्वांत गरजेचे होते. पण महिना सरला की देणे उभेच होते.

मालकांनी त्या वेळी ‘राहू द्या, नंतर बघू’ असा मेसेज पाठवला असेल, तर तीही माफी नाही. ‘हे तीन महिने सोडले’ असे स्पष्ट लिहिले असते, तर तुमची बाजू भक्कम झाली असती. शिवाय आता मुदतीचाही प्रश्न आहे. अशा पैशांच्या दाव्याला तीन वर्षे मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला, त्यामुळे तुमची तीन वर्षे १ मार्च २०२२ पासून मोजायची. ती २०२५ च्या फेब्रुवारीअखेर संपली.

ठाण्यात आमचा जुना पागडीचा गाळा आहे. लॉकडाऊनमध्ये शटर उघडायलाच बंदी होती, म्हणून त्या महिन्यांचे भाडे आम्ही दिले नाही. आता मालकाची नोटीस आली आहे. जी जागा सरकारनेच वापरू दिली नाही, तिचे भाडे कसले?

तुमची तक्रार मला रास्त वाटते, पण न्यायालयाने ती मानलेली नाही. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २१ मे २०२० रोजी नेमका हाच मुद्दा तपासला. करार पाळणे अशक्य झाले तर तो रद्द मानणारे करार कायद्याचे कलम ५६ भाडेपट्ट्याला लागू होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ चा आधार घ्यायचा, तर जागा नष्ट झालेली किंवा कायमची निरुपयोगी झालेली हवी. काही दिवस कुलूप लागले म्हणून भाडे थांबत नाही. भाडे भरायला थोडा अवधी मात्र न्यायालयाने दिला. करारातच अशा संकटाचे कलम असते, तर गोष्ट वेगळी होती. पागडीच्या जुन्या कागदांत ते सहसा सापडत नाही.

तेव्हा नोटीस खणात टाकून ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ नुसार नोटिशीनंतर ९० दिवस जाईपर्यंत थकबाकीसाठी दावा लावता येत नाही. त्याच दिवसांत, हवे तर लेखी हरकत नोंदवून, पैसे भरून टाका. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळ व्याजाने आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरून पुढचे भाडे नियमित दिले, तरी गाळा वाचतो. ‘एवढी जुनी बाकी मुदतबाह्यच झाली’ असे कोणी सांगेल. त्यावर विसंबू नका. पैसे वसूल करणे आणि गाळा खाली करून मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन-तीन महिन्यांच्या भाड्यासाठी पिढीजात गाळा पणाला लावू नये, असे मला मनापासून वाटते.

वाळूजला माझे छोटे वर्कशॉप आहे, २२ कामगार. लॉकडाऊनमध्ये मी ले-ऑफ (तात्पुरती कामबंदी) समजून अर्धा पगार दिला. आता काम सोडताना दोघे उरलेला अर्धा मागत आहेत.

ले-ऑफच्या अर्ध्या भरपाईची तरतूद त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, पण ती ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी. तुम्हाला तिचा आधार नाही. बंद काळातली मजुरी कपात न करता द्या, असे २९ मार्चच्या केंद्राच्या आदेशात होते आणि तो १८ मेपासून मागे घेतला गेला. मधल्या काळात, ३० एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पूर्ण पगार द्यायला सांगितले. कामावर न आलेल्यांचे प्रवास आणि जेवणाचे भत्ते तेवढे वगळायला मुभा दिली. जिथे बंदी उठली, तिथे कामगार मनाने गैरहजर राहिला तर पगार कापता येईल, असेही म्हटले. पुढे १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई थांबवली आणि २९ मार्च ते १७ मे या ५० दिवसांच्या मजुरीबद्दल दोघांनी बसून तडजोड करावी, न जमल्यास कामगार खात्याकडे जावे, असा मार्ग दिला.

म्हणून हजेरीपट काढा आणि १७ मेपर्यंतचे दिवस वेगळे करा. त्या दिवसांचा उरलेला अर्धा पगार दोघांशी बोलून ठरवा, लेखी करा, हिशेबात द्या. सरकारने मालकांना पगार द्यायला सांगितले, पण त्यासाठी हातात पैसा दिला नाही, हे खरे. मात्र १०० पर्यंत कामगार आणि त्यांतले ९० टक्के १५ हजारांच्या आत पगाराचे असलेल्या कारखान्यांना पीएफचा दोन्ही बाजूंचा मिळून २४ टक्के वाटा केंद्राने मार्च ते ऑगस्ट २०२० साठी भरून दिला. तो तुम्हाला मिळाला असेल, तर बोलणी करताना ध्यानात ठेवा. तुमची ओढाताण मला समजते. पण त्या कामगारांकडे तेव्हा अर्ध्या पगारापलीकडे काहीच नव्हते.

आमच्याकडे अकरा वर्षे काम करणाऱ्या ताईंना सोसायटीने दोन महिने आत येऊ दिले नाही. आम्ही पगार दिला नाही. तो कायद्याने द्यायला हवा होता का?

केंद्राचा आदेश कारखाने, दुकाने आणि व्यापारी आस्थापनांसाठी होता. घरे त्यात नव्हती, म्हणून त्या आदेशाने सक्ती नव्हती. तरीही माझे उत्तर ‘द्या’ असेच आहे. ताई यायला तयार होत्या, गेट तुमच्या बाजूने बंद होते. आणि त्यांची घरेलू कामगार म्हणून नोंदणी झाली आहे का, तेवढे विचारा. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी राज्याने जाहीर केलेली १५०० रुपयांची मदत नोंदणी असलेल्यांसाठीच होती. वयाची साठ वर्षे पूर्ण व्हायच्या आत जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात ही नोंदणी होते. त्या दिवशी त्यांना भरपगारी सुटी द्या आणि शक्य असेल तर सोबत जा.