इच्छास्वातंत्र्य दिलं म्हणून निर्मात्याची जबाबदारी सुटते का?

देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं असेल, तर माणसाच्या दुष्कृत्यांची जबाबदारी देवावर येते का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते येते. त्याने माणसाची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. जबाबदारी म्हणजे जमिनीची वाटणी नव्हे, की एकाच्या नावावर चढली म्हणजे दुसऱ्याची उतरली.

वेदान्ताचा आधारग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) जवळपास हीच शंका आहे. सुखदुःख इतकं विषम वाटलेलं आहे, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर असं की ईश्वर प्रत्येकाच्या कर्माला धरून फळ देतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच. भाताचा भात का होतो आणि जवाचा जव का, ते बियाण्यावर ठरतं.

दाखला सुरेख आहे, पण पावसाने बी घडवलेलं नाही, या एका गोष्टीवर तो सगळा उभा आहे. सूत्रकारांना हे दिसलं असणार, कारण पुढच्याच सूत्रात प्रश्न येतो: सृष्टीच्या आधी कर्म होतं कुठे? त्यावर उत्तर, संसार अनादि आहे; पहिलं बी असं काही नाहीच. हे मानलं तर ईश्वर दोषातून सुटतो, पण मग शून्यातून सगळं घडवणारा निर्माता तो राहत नाही.

ख्रिस्ती परंपरा शून्यातून निर्मिती मानते, त्यामुळे तिला ही वाट नाही. जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये विचारलं: माणूस कधीकधी आपणहून चांगलं निवडतो, मग नेहमीच आपणहून चांगलं निवडणारी माणसं सर्वशक्तिमान देवाने का घडवली नाहीत? त्यावर ख्रिस्ती तत्त्वज्ञ ॲल्विन प्लॅन्टिंगा यांचं उत्तर असं, की निवड खरोखर माणसाची असेल, तर ती काय असावी हे देवाच्या हातात उरत नाही. तर्क म्हणून हे भक्कम आहे. मला मात्र ते अपुरं वाटतं. राग किती चटकन चढतो, दुसऱ्याचं दुःख किती आत पोचतं, हे निवडणाऱ्याने निवडलेलं नसतं.

माझ्या मुलाने नऊ वर्षांचा असताना वर्गातल्या एकाला जिन्यावरून ढकललं. ढकलणं सर्वस्वी त्याचं होतं आणि माफीही त्यानेच मागितली. पण त्या घरी त्याच्यासोबत मीही गेले, कारण त्याचा तापटपणा मी किती वेळा हसण्यावारी नेला होता ते मला ठाऊक होतं. त्याचा स्वभाव मी घडवला नव्हता, पुढे काय होणार हे मला दिसत नव्हतं. तरीही त्या मुलाच्या आईसमोर ‘तो त्याच्या मर्जीने वागला’ असं म्हणायला माझी जीभ रेटली नसती. ज्याने बी घडवलं आणि ज्याला पुढचं सगळं दिसत होतं, त्याच्याकडे मी याहून कमी कसं मागू?