बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष नेमका कशासाठी होता?

बाबासाहेबांनी फक्त राखीव जागा लढवण्यासाठी हा पक्ष काढला होता, असं काहींना वाटतं. तसं नव्हतं. पक्ष निघाला १९३६ मध्ये. जाहीरनाम्यात कुळांना संरक्षण, कामाच्या तासांवर मर्यादा, रास्त मजुरी, भरपगारी रजा, तांत्रिक शिक्षण, गरज पडेल तिथे सरकारी मालकीचे उद्योग हे सगळं होतं.

खरा कस लागला तो खोतीवर. कोकणात खोत सरकारसाठी सारा गोळा करायचा, पण कुळाच्या खळ्यावरून भाताचा अर्धा वाटा उचलून न्यायचा, वर वेठ वेगळीच. ज्यानं चिखलात उभं राहून लावणी केली त्याच्या घरात पावसाळ्यापर्यंत दाणा उरत नसे. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन आले. त्यात कुणबीही होते, महारही होते. हे मला फार मोलाचं वाटतं. काँग्रेस सरकारनं विधेयक पुढे सरकू दिलं नाही.

त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध, पक्षानं कम्युनिस्टांसोबत एक दिवसाचा संप केला. १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हा बाबासाहेबांचाच अनुसूचित जातींसाठीचा नवा पक्ष आला आणि हा पक्ष मागे पडला. खोती कायद्यानं गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्यानं.