कॉलेजात भित्तिपत्रक आणि राजकीय अभ्यासवर्ग सुरू करायचा आहे. प्राचार्य म्हणतात ‘राजकारण नको’. परवानगी, छपाई, विषय कसं जमवावं?

‘राजकारण नको’ वाचलं आणि राहवलं नाही. इंदूरच्या ज्या कॉलेजात मी शिकलो (नाव राहू द्या) तिथेही हेच ऐकवायचे. 1989 साली मतदानाचं वय 21 वरून 18 झालं, त्याला दोन-तीन वर्षं होत आली होती. दिल्लीचं सरकार निवडा, पण फीबद्दल तोंड उघडू नका, असा तो न्याय.

आमचं भित्तिपत्रक हिंदीत निघायचं, त्यावरची भांडणं मात्र रामबागेत संपादक मित्राच्या घरी, मराठीत. त्याला सोव्हिएत संघ का फुटला यावर अख्खा अंक हवा होता. मी म्हटलं, फीची पावती बघ. ‘पत्रिका शुल्क’, म्हणजे कॉलेजच्या मासिकाची फी, दरवर्षी घेतात, पत्रिका कोणी पाहिलीये? शेवटी दोन्ही लावलं. सोव्हिएतपुढे कोणी थांबेना. पावतीपुढे सायकल स्टँडचा चौकीदारही उभा राहून वाचत होता. दुपारपर्यंत ते शीट फाडलं गेलं. सोव्हिएत संघ महिनाभर सुखरूप लटकत होता. मित्र अजून सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू खाताना म्हणतो, ‘तू चळवळीची मुनीमगिरी केलीस.’ अरे भिया, फाडलं कुणाचं ते बघ ना!

तर अभ्यासवर्ग विचारधारेपासून अजिबात सुरू करू नका. पहिल्या बैठकीला सगळ्यांनी आपापली पावती आणावी. कुठलं शुल्क कोण ठरवतं, जनभागीदारी समितीत (मध्य प्रदेशातल्या सरकारी कॉलेजांची स्थानिक समिती) कोण बसतं, पैसा कुठे जातो, हे शोधलं की राजकारण आपोआप समजतं. मग मार्क्स वाचा, सावरकर वाचा, लोहिया वाचा. आमच्या वेळी कागद मागायची सोय नव्हती. 2005 पासून माहितीचा अधिकार आहे. मध्य प्रदेशात अर्जाला 10 रुपये, उत्तराला 30 दिवस.

छपाईच्या नादी लागूच नका. लिंगडोह समितीच्या ज्या शिफारशी सुप्रीम कोर्टानं 2006 साली लागू केल्या, त्यांत विद्यार्थी निवडणुकीतसुद्धा छापील पोस्टर बंद, हातानं केलेलंच चालतं. ड्रॉइंग शीट आणि स्केचपेन पुरे.

हां, एक राहिलं. खाली एकट्याचं नाव घालू नका. प्रॅक्टिकलचे मार्क कॉलेजवाल्यांच्याच हातात असतात. आणि कॉलेज विनाअनुदानित खाजगी असेल तर माहितीचा अर्ज बहुधा थेट चालणार नाही, त्यांनी विद्यापीठाला दिलेले कागद विद्यापीठाकडून मागवा. परवानगीचं विचारलंत, ते ज्यांना कधी मिळाली त्यांनी सांगावं.