मुलाचा कॅन्सर आणि घरातले अवघड प्रश्न

मुलांच्या कॅन्सरवर उपचार करताना औषधांइतकाच वेळ घरच्यांशी बोलण्यात जातो, आणि तो जायलाच हवा. यावेळी आलेल्या पत्रांतली पाच निवडली आहेत. तापाचं पत्र आधी घेतो, कारण ते उत्तर कुणाला तरी आज रात्रीच लागेल.

प्रश्न : मुलाची केमो सुरू आहे. रात्री अंग गरम लागलं तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

नाही. केमोनंतर संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. अशा वेळी रक्तात जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत मुलाची प्रकृती गंभीर होऊ शकते, आणि सुरुवातीला ताप हीच एक खूण दिसते. पॅरासिटामॉलने ती खूणच पुसली जाते. थर्मामीटर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस दाखवत असेल तर लगेच वॉर्डला फोन करा आणि निघा. मूल खेळत असलं तरी निघा. ताप नसताना हुडहुडी भरली किंवा मूल एकाएकी मलूल पडलं, तरीही हेच करायचं. फाइल, औषधांची यादी आणि कपड्यांचा एक जोड पिशवीत कायम भरून ठेवा. आणखी एक, गुदद्वारातून ताप मोजू नका. तिथल्या बारीक जखमेतूनही जंतू शिरतात.

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या मुलीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालाय. सासूबाई म्हणतात, तिच्यासमोर आजाराचं नावही काढायचं नाही. ती रोज विचारते, ‘घरी कधी जायचं?’ मी रोज ‘उद्या’ म्हणते. चुकतंय का माझं?

तुमची तगमग समजते मला, पण ‘उद्या’ आजपासून बंद करा. त्याऐवजी म्हणा, ‘डॉक्टर म्हणतील तेव्हा जायचं. मला दिवस कळला की सगळ्यांत आधी तुला सांगेन.’ चार वर्षांच्या मुलीला कॅलेंडर कळत नसेल, पण आई म्हणाली तसं झालं नाही, हे तिला बरोबर कळतं. पुढे दोन-अडीच वर्षांच्या उपचारात तुमच्या शब्दावर तिचा विश्वास असणं फार गरजेचं आहे.

सासूबाईंना तिला जपायचंय, हे उघड आहे. पण काहीतरी मोठं बिनसलंय हे मुलीला केव्हाच कळलंय. सुया, तुमचे सुजलेले डोळे, ती आली की थांबणारं बोलणं, सगळं ती बघते. आपण सांगितलं नाही तर मुलं आपापली कारणं शोधतात, आणि या वयात ते कारण बहुतेक वेळा ‘मी काहीतरी वाईट केलं’ हेच असतं. म्हणून एवढं तरी सांगा : ‘तुझ्या रक्तातल्या काही पेशी बिघडल्यात. या आजाराला ल्युकेमिया म्हणतात. औषधं त्या पेशींना घालवायला आहेत. तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही, आणि तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाला होणार नाही.’ नाव जरूर घ्या. नुसतं ‘बरं नाहीये’ म्हटलं, तर उद्या घरात कुणाला सर्दी झाली तरी ती धास्तावेल.

सुईच्या वेळी ‘काही दुखत नाही’ असं कधीच म्हणू नका. ‘टोचेल, आणि मी दहा मोजेपर्यंत संपेल’ असं म्हणा आणि खरोखर मोजा. त्वचा बधिर करणारं क्रीम मिळत असेल तर मागून घ्या. ते तासभर आधी लावावं लागतं. ‘सुई घेऊ या ना?’ असंही विचारू नका, कारण ‘नको’ म्हणायची मुभा तिला नाहीच. जी मुभा देता येते ती द्या : मांडीवर बसायचं की पलंगावर, डावा हात की उजवा, पट्टी कोणत्या रंगाची. ‘डावा’ म्हणून स्वतः बाही वर करणारी मुलं मी बघतो. रडतात तीही, पण दोघांना धरून ठेवावं लागत नाही.

एखाद्या दिवशी ती ‘मी मरणार का?’ असंही विचारेल. घाईने ‘गप, असं बोलू नये’ म्हणू नका. ‘असं का वाटलं तुला?’ म्हणून आधी ऐकून घ्या. पुष्कळदा शेजारची रिकामी झालेली खाट मनात असते. मग सांगा की डॉक्टर ती बरी व्हावी म्हणून औषध देताहेत आणि तुम्ही तिच्याजवळच आहात.

प्रश्न : धाकट्याच्या आजारापासून नऊ वर्षांच्या थोरल्याचं रोज पोट दुखतं. तपासण्यांत काहीच सापडलं नाही. नाटक करतोय का?

नाटक नाही, पोट खरंच दुखतंय. घरातलं सगळं लक्ष एका खाटेकडे गेलंय, आणि आजारी पडलं की आई-बाबा मिळतात हे तो रोज बघतोय. त्याला राग येतो, मग रागाची लाज वाटते. कधीतरी भांडणात भावाला ढकललेलंही त्याच्या डोक्यात असू शकतं. त्याने विचारायची वाट बघू नका. तुम्हीच म्हणा, ‘तू ढकललंस, रागावलास, म्हणून हे झालेलं नाही. असं होतच नाही.’ त्याला एकदा वॉर्ड दाखवा, कल्पनेतला वॉर्ड नेहमी जास्त भयंकर असतो. आणि दिवसातला थोडा वेळ फक्त त्याचा ठेवा, ज्यात भावाचा विषय निघणार नाही. शाळेत बाईंना कल्पना द्या.

प्रश्न : महिन्याभरातच रिपोर्टमध्ये कॅन्सर दिसेनासा झाला. नातेवाईक म्हणतात, आता दोन वर्षं विषारी गोळ्या कशाला? थांबवल्या तर?

थांबवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ल्युकेमियाच्या निदानाच्या वेळी शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनाशा झाल्या तरी त्या हजार कोटीपर्यंत उरलेल्या असू शकतात. १९४८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन अशा मुलांचा आजार पहिल्यांदा मागे हटवला, पण काही महिन्यांत तो परतला. अनेक औषधं एकत्र आणि दीर्घकाळ द्यायला लागल्यावरच मुलं बरी होऊ लागली. आज सगळे उपचार नीट मिळालेल्या मुलांत, या आजाराच्या नेहमीच्या प्रकारातली दहापैकी आठ-नऊ मुलं बरी होतात. गोळ्या चुकत राहिल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो.

या गोळ्यांपैकी मर्कॅप्टोप्युरिन साधारणपणे रोज असते, तोंडाने घ्यायची मेथोट्रेक्सेट मात्र आठवड्यातून एकदाच. ती चुकून रोज दिली तर जिवावर बेतू शकतं. तिचा वार ठरवा, भिंतीवर लिहा आणि ती वेगळ्या डबीत ठेवा. गोळी उलटून पडली तर मनाने दुसरी देऊ नका, आधी फोन करा.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय, गरोदरपणात माझं काही चुकलं का. बहुतेक मुलांत पेशी वाढताना जनुकांत आपसूक बिघाड होतो आणि त्यातून हा आजार सुरू होतो. तुमचं काही चुकलेलं नाही.

प्रश्न : स्टेरॉइड सुरू झाल्यापासून नात ओळखू येत नाही. चिडते, मारते, सारखं खायला मागते. आजारी पोरीला रागवायचं कसं? – एक आजी

आजी, हा स्वभाव औषधाचा आहे. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने भूक खवळते, झोप उडते, रडू कोसळतं. गोळी बंद झाली की काही दिवसांत बरंचसं निवळतं. गोळीच्या दिवसांवर कॅलेंडरमध्ये खूण करा आणि तेव्हा पाहुणे टाळा. थोडं थोडं खाणं हाताशी ठेवा, मीठ आणि गोड कमी. झोपेचा त्रास असेल तर गोळ्यांच्या वेळा बदलता येतील का, हे डॉक्टरांना विचारा.

पण मारणं चालवून घेऊ नका. आवाज न चढवता हात धरायचा आणि म्हणायचं, ‘राग आला तर उशीला मार, मला नाही.’ आजारपणापूर्वी जे चालत नव्हतं ते आता सगळंच चालायला लागलं, तर आपण फार आजारी आहोत असंच मुलं समजतात. दात घासणं, खेळणी उचलणं, झोपेची वेळ हे जमेल तेवढं पूर्वीसारखंच राहू द्या.